मुलांची पहिली दिल्ली : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघताना

दिल्लीला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी बघायच्या जागांची यादी होते. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, जमलं तर आग्रा, आलोच आहोत तर मथुराही. बरोबर सात-आठ वर्षांचं मूल असेल तर ही यादी सगळ्यात शेवटी करावी. आधी महिना, मग गाडी, मग उतरायची जागा. या तिन्ही गोष्टी नीट बसल्या की जागा आपोआप जुळत जातात. त्या चुकल्या तर तिसऱ्या दिवशी पोर खोलीवरच बसून राहायचं म्हणतं, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

महिन्याचं गणित आपल्याकडे जरा वेगळं आहे. मुलं मराठी शाळेत असली तरी सुट्ट्या कर्नाटकाच्या. मोठी सुट्टी दसऱ्याला, उन्हाळ्याची एप्रिल-मेमध्ये. कोल्हापूर-चंदगडकडच्या मामे-आतेभावंडांना मोठी सुट्टी दिवाळीत आणि उन्हाळ्याची मे ते जून. सगळ्यांनी मिळून जायचं म्हटलं तर दोन्हीकडची सुट्टी एकत्र येते ती नेमकी मे महिन्यात, आणि मे महिन्यातली दिल्ली मुलांसाठी नव्हे. पारा ४४-४५ अंशांवर जातो, लू म्हणजे भाजणारे गरम वारे चालतात, आणि लाल किल्ल्याच्या दगडी अंगणात दुपारी मोठ्यांनाही उभं राहवत नाही. दिवाळीनंतर धुराची हवा सुरू होते; ज्या मुलाला दम्याचा किंवा सततच्या खोकल्याचा त्रास आहे त्याला नोव्हेंबर ते जानेवारी दिल्लीला नेऊच नये. डिसेंबर-जानेवारीत धुकंही असतं, उत्तरेकडच्या गाड्या तासन्तास उशिरा धावतात. हवा सगळ्यात चांगली फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत, पण तेव्हा परीक्षा तोंडावर असतात. म्हणून आपल्या भागातल्या कुटुंबांनी भावंडांचा हट्ट बाजूला ठेवून दसऱ्याची सुट्टीच धरावी असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवसा ऊन लागतं, पण सकाळ-संध्याकाळ फिरण्यासारखी असते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नागपंचमी ते दसरा अंतर साधारण तेवढंच, म्हणजे नागपंचमीच्या आसपास तिकिटाच्या मागे लागायचं. बेळगावकरांची रोजची हक्काची गाडी म्हणजे वास्को–निजामुद्दीन गोवा एक्सप्रेस. लोंढ्याहून, बेळगावहून किंवा मिरजेहून चढता येतं. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूरची आठवड्यातून एकदा सुटणारी निजामुद्दीन गाडीही जवळची पडते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीचं थेट विमान चालू असेल तर वेळ खूप वाचतो. पण दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला विमानात स्वतंत्र सीट घ्यावीच लागते, तेव्हा चौघांचा हिशेब आधी मांडावा.

तिकीट काढताना एक अडचण नेहमी येते. गाडी सुटते वास्कोहून, त्यामुळे मधल्या स्टेशनांच्या वाट्याला जागा कमी. बेळगावहून तिकीट मागितलं आणि वेटिंगच्या आकड्यापुढे आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल अशी अक्षरं आली, तर ते वेटिंग सहसा लवकर सुटत नाही. अशा वेळी वास्कोहून जागा शिल्लक आहे का ते बघावं, तिकीट वास्को–निजामुद्दीन काढावं आणि चढण्याचं स्टेशन म्हणून तिथेच बेळगाव निवडावं. भाडं थोडं जास्त पडतं, पण बर्थ पक्का होतो. चढण्याचं स्टेशन बदलायला मात्र विसरायचं नाही. वास्कोला कोणी चढलं नाही असं दिसलं तर तिकीट तपासनीस ती जागा दुसऱ्याला देऊ शकतो.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बाराच्या आतल्या मुलाला बर्थ नको म्हटलं तर अर्धं भाडं, बर्थ हवा तर पूर्ण. इथे पैसे वाचवू नयेत. प्रवास दोन रात्रींचा आहे. आईच्या बर्थवर मूल पायाशी झोपलं की दोघांचीही झोप होत नाही, आणि दिल्लीतला पहिला दिवस पेंगण्यात जातो. शक्य असेल तर थ्री एसी घ्यावा. अंथरूण-पांघरूण मिळतं, ओझं कमी होतं, आणि भुसावळ ते इटारसी दुपारची धूळ डोळ्यात जात नाही.

कागदांमध्ये मुलाचं आधार कार्ड हवंच. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे द्यायचे राहिले असतील तर ते आधी करून घ्यावं. आपल्याकडच्या आधारवर कन्नड आणि इंग्रजी असतं, शाळेचा दाखला बहुधा कन्नडमध्ये. दिल्लीत उपयोगी पडते ती फक्त इंग्रजी बाजू. मराठी आडनावं कन्नडमार्गे इंग्रजीत जाताना एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. बापाच्या कार्डावर एक, मुलाच्या कार्डावर दुसरं. म्हणून तिकीट काढताना नाव आठवणीने लिहू नये, कार्ड समोर ठेवून त्यावर आहे तसंच लिहावं. विमानात आणि राष्ट्रपती भवनाच्या नोंदणीत हे काटेकोरपणे बघतात.

गाडीतला मधला दिवस कंटाळ्याचा आहे असं सगळे म्हणतात. आम्हाला तो सहलीचाच भाग वाटतो, फक्त मुलाला खिडकी मिळायला हवी. बेळगावहून रात्री निघालेली गाडी दिवसा मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी करत संध्याकाळी भोपाळकडे जाते. भुसावळ सोडलं की तापी येते. नर्मदेचा मोठा पूल इटारसीनंतर, नर्मदापुरमजवळ, आणि लगेच बुधनीचा घाट नि बोगदे. हे मुलाला आधी सांगून ठेवलं की ते नकाशा घेऊन बसतं. शाळेच्या भूगोलात पाठ केलेल्या नद्या ओळीने खिडकीत येतात. चंबळ येते तेव्हा मात्र रात्र झालेली असते.

खाण्याची बांधाबांध अशी करावी : पहिल्या रात्रीला भाकरी-भाजी, दुसऱ्या सकाळसाठी दशम्या किंवा धपाटे, बरोबर शेंगदाण्याची चटणी. दशमी दुधात भिजवलेली, म्हणून मऊ राहते, पण मधल्या दिवशी दुपारपर्यंतच संपवावी. पुढच्या वाटेसाठी भडंग, चिवडा, लाडू. कुंदा न्यायचा मोह होतो. तो खव्याचा पदार्थ, बंद डब्यात उकाड्यात ठेवला तर आंबट होतो. दिल्लीतल्या कुणाला द्यायचा असेल तरच न्यावा आणि पोचल्या दिवशीच पोचता करावा. पाणी मुलाच्या वेगळ्या बाटलीत ठेवावं, म्हणजे किती प्यायलं ते कळतं. गाडीत लघवीला जायचा कंटाळा म्हणून मुलं पाणी पीत नाहीत, आणि दिल्लीत उतरल्यावर डोकं दुखतं.

आता उतरायची जागा. बहुतेक मंडळी पहाडगंज किंवा करोलबाग धरतात, कारण ओळखीच्या कुणीतरी तेच सांगितलेलं असतं. मुलं बरोबर असतील तर आम्ही लाजपतनगरची शिफारस करू. कारण सरळ आहे. निजामुद्दीन स्टेशनला लागून सराय काले खाँ–निजामुद्दीन हे गुलाबी लाइनचं मेट्रो स्टेशन आहे. तिथून आश्रम, विनोबापुरी आणि मग लाजपतनगर, म्हणजे तिसरं स्टेशन. लाजपतनगरला गुलाबी आणि जांभळी अशा दोन लाइन मिळतात. जांभळ्या लाइनवर खान मार्केट, सेंट्रल सेक्रेटरिएट, जनपथ, मंडी हाउस, दिल्ली गेट, जामा मशीद, लाल किला ही सगळी स्टेशनं ओळीने येतात. उलट्या दिशेला कालकाजी मंदिर, म्हणजे कमळ मंदिर. कुतुबमिनारला गुलाबी लाइनने दिल्ली हाट–आयएनएपर्यंत जाऊन पिवळी लाइन धरायची. अक्षरधामला मंडी हाउसला निळी लाइन. म्हणजे जाताना किंवा येताना एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलावी लागत नाही. दमलेल्या मुलाला घेऊन राजीव चौकसारख्या गर्दीच्या स्टेशनात जिने चढण्यापेक्षा हे फार सोपं. हॉटेल मेट्रोच्या दारापासून पायी पाच मिनिटांच्या आत आहे का, ते मात्र नकाशावर स्वतः मोजून बघावं. ‘मेट्रोजवळ’ हा शब्द तिकडे सैल वापरतात.

निजामुद्दीनला उतरल्यावर स्टेशनच्या दोन बाजू आहेत हे लक्षात ठेवावं. मेट्रो सराय काले खाँ बाजूला आहे. गर्दीबरोबर दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं तर सामान आणि मूल घेऊन मोठा वळसा पडतो. बाहेर कुणी ‘आज मेट्रो बंद आहे’, ‘तुमचं हॉटेल बंद पडलंय’, ‘लाल किल्ला आज बंद, चला दुसरं दाखवतो’ असं सांगू लागलं तर उत्तर न देता चालत राहावं. हे बोलणं ठरलेलं असतं.

मेट्रोत मुलाच्या बाबतीत दोन ठिकाणी गोंधळ होतो. एक तपासणीच्या जागी : बॅग एक्स-रे यंत्रात जाते, पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. मूल कुणाबरोबर जाणार हे रांगेत शिरायच्या आधी ठरलेलं असावं, नाहीतर आईला वाटतं ते बाबांबरोबर आहे आणि बाबांना वाटतं आईबरोबर. दुसरा गोंधळ फाटकाशी. तीन फुटांपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही, ते मोठ्यांना चिकटून एकदमच आत जातं. त्याहून उंच मुलाला स्वतंत्र तिकीट, कारण एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. त्याला पुढे ठेवावं, त्याचं तिकीट आपण टेकवावं, ते आत गेलं की मग आपलं. कागदी क्यूआर तिकीट बाहेर पडतानाही लागतं. मुलाच्या हातात दिलं तर ते चुरगळतं आणि फाटक उघडत नाही. प्रत्येकाचं स्मार्ट कार्ड काढलं तर रोजची रांग वाचते आणि भाड्यातही सूट मिळते.

सोमवार हा दिल्लीत मुलांच्या जागांचा सुट्टीचा दिवस समजावा. लाल किल्ला, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, राष्ट्रीय संग्रहालय, तारांगण, अक्षरधाम, कमळ मंदिर, सगळं सोमवारी बंद. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक सोमवारीही उघडी असतात, म्हणून ती त्या दिवसासाठी राखून ठेवावीत. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद, आग्र्याचा ताजमहालही शुक्रवारीच बंद. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मोठ्यांचं तिकीट दारातला क्यूआर कोड मोबाइलवर घेऊन काढलं तर रोखीपेक्षा स्वस्त पडतं.

दिवसाला एक मोठी जागा आणि एक मोकळं मैदान, यापेक्षा जास्त धरू नये. सकाळी साडेआठ-नऊला बाहेर पडावं, दुपारी जेवून दोन तास खोलीवर पडावं, चारनंतर मैदान. दुपारची झोप वाया गेलेला वेळ वाटतो, पण तीच संध्याकाळ वाचवते.

लाल किल्ल्यात लाहोरी दरवाजातून गेल्यावर छत्ता चौकाचा बाजार लागतो आणि मुलं तिथेच अडकतात. खरेदी परतताना, हे आत शिरायच्या आधीच सांगावं. आत चालणं पुष्कळ आहे आणि सावली कमी. मराठी मुलाला दिवाण-इ-खासमध्ये थांबवून दाखवण्यासारखी गोष्ट आहे : या दालनाला चांदीचं छत होतं, आणि १७६० मध्ये पानिपताआधी सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी त्याची चांदी काढून वितळवली. पानिपत त्यांनी ऐकलेलं असतं. त्या मोहिमेत पैशांची किती ओढ होती हे त्या छताखाली उभं राहून कळतं. दसऱ्याच्या दिवसांत किल्ल्यासमोरच्या मैदानात रामलीला असते, संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नसते. म्हणून किल्ला सकाळीच उरकावा. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी आणि जानेवारीत कर्तव्य पथावर संचलनाच्या सरावासाठी बरेच रस्ते आणि जागा बंद असतात, हेही ध्यानात असू द्यावं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इंडिया गेटशेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाला. बेळगावच्या मुलाचा या जागेशी संबंध आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात आहे, कॅम्पात धावणारे रिक्रूट त्याने पाहिलेले असतात, खानापूर-चंदगडकडच्या कितीतरी घरांत एकजण तरी पलटणीत असतो. स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं, प्रवेश मोफत आहे. अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र अशी एकात एक चार वर्तुळं आहेत. मधल्या स्तंभाखाली ज्योत तेवते. इंडिया गेटखालची अमर जवान ज्योत जानेवारी २०२२ मध्ये इथल्या ज्योतीत मिळवली. त्याग चक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरलेली आहेत. निघण्याआधी आपल्या गावच्या किंवा जवळच्या गावच्या शहीद जवानाचं नाव घरच्यांकडून नीट विचारून घ्यावं आणि स्मारकाच्या संकेतस्थळावर शोधून ठेवावं. हजारो नावांत नुसतं भटकण्यात मुलाचं मन लागत नाही. एक नाव शोधायला दिलं की ते एकेक वीट वाचत जातं.

शेजारी परम योद्धा स्थळ आहे, परमवीर चक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे तिथे आहेत. त्यात रामा राघोबा राणे शोधावेत. हे आपल्याच भागातले : जन्म हावेरीचा, मूळ गाव कारवारजवळचं चेंडिया. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी गोळीबारात, जखमी असताना दूर केले आणि रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीर चक्र स्वीकारणारे ते पहिले. संध्याकाळी स्मारकावर ध्वज उतरवण्याचा सोहळा असतो, त्यासाठी वेळेआधी जाऊन जागा धरावी. आत खाणंपिणं नाही, म्हणून मुलाचं पोट भरूनच आत शिरावं. इंडिया गेटजवळच्या छत्रीत नेताजींचा २८ फुटी पुतळा आहे, तो घडवणारे अरुण योगीराज म्हैसूरचे. कन्नडच्या सरांना सांगायला मुलाला ही चांगली माहिती होते.

राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट हे अंतर सुमारे ३ किलोमीटर आहे. फोटोत ते जवळ दिसतं, म्हणून लोक चालत निघतात आणि निम्म्यावर मूल कडेवर येतं. विजय चौकाची बाजू आणि इंडिया गेटची बाजू वेगवेगळ्या वेळी करावी, किंवा मध्ये रिक्षा घ्यावी. रिक्षा मोबाइलवरून बोलावलेली बरी.

रेल्वे संग्रहालय मुलांना लाल किल्ल्यापेक्षा जास्त आवडतं, हे आधीच मान्य करून अर्धा दिवस मोकळा ठेवावा. लाजपतनगरहून गुलाबी लाइनने सर विश्वेश्वरय्या मोतीबाग स्टेशनला उतरायचं आणि पुढे चाणक्यपुरीपर्यंत रिक्षा. आतल्या छोट्या गाडीचं तिकीट वेगळं असतं आणि तिची रांग वाढत जाते, म्हणून गेल्या गेल्या ते काम करावं, मग इंजिनं बघावीत. पटियाला संस्थानची एका रुळावर चालणारी मोनोरेल दाखवावीच. मीटर गेजचं इंजिन दिसलं की आजी-आजोबांनी बोलावं : मिरज–लोंढा रस्ता ब्रॉडगेज व्हायच्या आधी ते असल्याच गाडीतून माहेरी-सासरी गेलेले असतात.

कुतुबमिनार ७२.५ मीटर उंच. आत ३७९ पायऱ्या आहेत, पण १९८१ च्या दुर्घटनेपासून वर सोडत नाहीत. मुलाला हे आधी सांगावं, नाहीतर दारात रडारड होते. अक्षरधामला मोबाइल, कॅमेरा, बॅग काही आत नेता येत नाही. सगळं जमा करायची रांग मोठी असते, त्यामुळे त्या दिवशी सामान खोलीवरच ठेवून जावं. आत मोबाइल नसल्याने चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण आधी ठरवावं.

चुकामुकीसाठी घरूनच तयारी हवी. आपली मुलं मराठी-कन्नड सहज बोलतात, पण घाबरल्यावर हिंदी सुचत नाही. वडिलांचा मोबाइल नंबर एकेक आकडा सुटा करून हिंदीत म्हणायला शिकवावा, कारण हिंदीतले उनतालीस-उनचास मोठ्यांनाही गोंधळात पाडतात. ‘मैं खो गया हूँ, पापा को फोन कीजिए’ एवढं वाक्य पाठ असावं. खिशात नंबरची चिठ्ठी, आणि हरवल्यावर जिथे आहोत तिथेच उभं राहायचं ही सवय. मोठ्यांच्या मोबाइलमध्ये ११२ आणि लहान मुलांसाठीचा १०९८ हे नंबर असू द्यावेत.

जेवणाचं म्हणाल तर पराठे-छोले एक दिवस छान वाटतात, दुसऱ्या दिवशी मूल वरण-भात मागतं. आंध्र भवनाच्या कँटीनमध्ये भात, सांबार, दही मिळतं आणि तिथे बाहेरच्यांनाही जेवता येतं. तिखटाचं मात्र विचारून घ्यावं. दिल्ली हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांचे स्टॉल आहेत. चांदणी चौकातली जिलेबी गरम गरम, समोर तळलेली खावी. कापलेली फळं आणि उघडं पाणी नको. हवा कोरडी असते, ओठ फुटतात, नाकातून रक्तही येतं, म्हणून खोबरेल तेलाची छोटी बाटली, ओआरएसच्या पुड्या आणि डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध जवळ असावं.

आग्रा पहिल्या खेपेला गाळलं तरी चालेल. न्यायचंच असेल तर शुक्रवार सोडून एक अख्खा दिवस द्यावा आणि ताजमहालाबरोबर आग्र्याचा किल्लाही करावा. १६६६ मध्ये शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते याच किल्ल्यात, आणि बाहेर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं तर किल्ल्याचं पारडं ताजमहालापेक्षा जड ठरतं.

परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाबरोबरच, ज्या दिवशी त्याचं आरक्षण उघडेल त्या दिवशी काढावं. गाडी बेळगावला कितीला पोचते ते बघून ठेवावं. ती वेळ रात्री-पहाटेची असेल तर खानापूर, बैलहोंगल, निपाणीकडची एसटी लगेच मिळत नाही. गाडीवाल्याला आधी सांगून ठेवावं आणि मिरज सोडल्यावर फोन करावा. शाळा उघडायच्या आत घरी निदान एक दिवस मोकळा मिळेल अशा बेताने परतावं. दोन रात्रींच्या गाडीनंतर सकाळच्या प्रार्थनेला मूल उभं राहू शकत नाही.